सोलोनेच आधी गोळी झाडली होती

गेल्या महिन्यात गंगापूर रोडला भावाकडे जेवायला गेले होते. मागचं आवरून बाहेर आले, तर भाचा आणि त्याचा वर्गमित्र अगदी हमरीतुमरीवर आलेले. विषय ‘स्टार वॉर्स’चा, अंतराळातल्या लढायांच्या त्या इंग्रजी सिनेमांच्या मालिकेचा. २०१७ साली आलेल्या ‘द लास्ट जेडाय’वर चाहत्यांनी जी झोड उठवली ती रास्त होती का, यावर दोघं अर्धा तास भांडले आणि त्या अर्ध्या तासात सिनेमातल्या एकाही प्रसंगाचं नाव निघालं नाही. मित्र म्हणत होता, ‘नाही ना आवडत, मग बघू नका. कुणी जबरदस्ती केलीय?’ भाचा म्हणत होता, ‘का नाही बोलायचं? पैसे मोजलेत आम्ही.’ मग माझ्याकडे वळून, ‘आत्या, तू सांग याला.’

त्या रात्री मला नीट सांगता आलं नाही. घरी येताना रिक्षात लक्षात आलं की दोघं भांडत असले तरी भाषा एकच बोलत होते, आणि ती दुकानाची होती. माल पसंत नसेल तर पुढच्या दुकानात जा, हे एकाचं म्हणणं. माल खराब निघाला, बदलून द्या, हे दुसऱ्याचं. या मालिकेवरून जगभर चाललेलं भांडण गेली पंचवीस वर्षं याच दोन वाक्यांभोवती फिरतंय, म्हणून ते कुठे पोहोचत नाही. माझं मत असं: चाहत्यांना टीका करायचा पुरता हक्क आहे आणि तो त्यांनी बजावायलाच हवा. पण हा हक्क तिकिटाच्या पैशातून येत नाही. मन लावून पाहणं, पुन्हा पुन्हा पाहणं, लक्षात ठेवणं, यातून तो मिळवावा लागतो. असं पाहणाऱ्याला आपल्याकडे रसिक म्हणतात. ‘हे जमलं नाही’ असं गिऱ्हाईकही म्हणेल आणि रसिकही म्हणेल. पण गिऱ्हाइकाला आपल्या मनासारखी वस्तू हवी असते. रसिकाला ती कलाकृती तिच्या स्वतःच्या कसाला उतरलेली हवी असते.

पैशाचंच म्हणाल तर माझा काहीच हक्क उरत नाही. नव्वदीच्या सुरुवातीला पंचवटीत आमच्या काकांची व्हिडिओ लायब्ररी होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे गल्ल्यावर बसायचे. दहा रुपये रोज, डिपॉझिट वेगळं, कॅसेट रिवाइंड करूनच परत. बहुतेक कॅसेटी मुंबईहून कॉपी होऊन यायच्या, कॉपीचीही पुन्हा कॉपी. ‘स्टार वॉर्स’ची एकच होती, चित्रावर रेघा मारणारी, आवाज फाटलेला, वर काकांच्या अक्षरात ‘स्टार वॉर – इंग्रजी – फायटिंग’ असं लेबल. दुपारी कुणी फिरकायचं नाही तेव्हा मी ती लावायचे. संवाद कळत नव्हते, पण त्या गुत्त्यातला प्रसंग तोंडपाठ होता. अंतराळात चोरटा माल वाहणारा हॅन सोलो टेबलाशी रेलून बसलाय, एक हात मागे भिंतीवर सहज फिरवतोय. समोर त्याला पकडायला आलेला हिरव्या कातडीचा ग्रीडो पिस्तूल रोखून बसलेला. टेबलाखाली सोलोचा दुसरा हात पिस्तुलाकडे सरकतो, लखकन उजेड, धूर, आणि ग्रीडो टेबलावर कोसळतो. सोलो उठतो, जाता जाता गुत्तेवाल्याकडे नाणं फेकतो. त्या दहा रुपयांतला एक पैसाही हा सिनेमा करणाऱ्या जॉर्ज लुकासपर्यंत पोहोचला नसणार. मग त्या प्रसंगाबद्दल बोलायचा अधिकार मला नाही? मला तर वाटतं, मल्टिप्लेक्समध्ये अडीचशे रुपये देऊन मोबाइल चाळत बसणाऱ्यापेक्षा तो मला कितीतरी जास्त आहे.

काही वर्षांपूर्वी भाच्यासोबत तोच सिनेमा पाहताना मी त्याला म्हटलं, ‘बघ हं, आता सोलो गोळी घालतो.’ पडद्यावर मात्र ग्रीडोने आधी गोळी झाडली, हातभर अंतरावरून, आणि ती चुकली. मग सोलोने उलट मारली. ‘आत्या, तुझ्या लक्षात चुकीचं राहिलंय,’ भाचा म्हणाला. चुकीचं काहीच राहिलं नव्हतं. सिनेमाला वीस वर्षं झाली म्हणून १९९७ साली लुकासने जुने तिन्ही भाग दुरुस्त करून पुन्हा आणले, त्यात हा प्रसंग बदलला. पुढे २००४ मध्ये आणि २०१९ मध्ये त्याच्यावर आणखी हात फिरवला गेला. एवढ्याशा बदलाने काय बिघडतं, असं कुणी विचारेल. सगळंच बिघडतं. १९७७ चा सोलो स्वतःपुरतं पाहणारा, पैसे फेकतील त्यांचं काम करणारा माणूस आहे. शेवटच्या लढाईआधी तो आपला मोबदला घेऊन निघून जातो आणि ऐन वेळी परत फिरतो. त्या परत फिरण्याने काळजात लख्ख होतं, कारण गुत्त्यात थंड डोक्याने गोळी घालणारा माणूस आपण पाहिलेला असतो. तो पहिल्यापासूनच सज्जन असेल, केवळ जीव वाचवण्यासाठी हत्यार उचलणारा असेल, तर तो बदलला कुठे? हे जगाला कुणी सांगितलं? स्टुडिओने सांगितलं नाही. चाहत्यांनी सांगितलं, आणि ते आजही सांगत आहेत.

मूळ जपून ठेवण्याचं महत्त्व लुकासला कळत नव्हतं असंही नाही. १९८८ साली अमेरिकेच्या संसदीय समितीसमोर साक्ष देताना त्याने जुन्या कृष्णधवल सिनेमांना रंग चढवणाऱ्यांविरुद्ध अतिशय पोटतिडकीने भाषण केलं होतं. कलाकृती हा समाजाचा ठेवा आहे, नफ्यासाठी तिची मोडतोड करणं हा रानटीपणा आहे, असं त्याचं म्हणणं होतं. ते शंभर टक्के बरोबर होतं. पण १९९७ नंतर त्याच्याच सिनेमाची मूळ आवृत्ती मिळेनाशी झाली, आणि ती जपायचं काम अंगावर घेतलं ते चाहत्यांनी. जुन्या प्रिंट शोधून, एकेक चौकट स्कॅन करून, ओरखडे पुसून त्यांनी १९७७ चा सिनेमा पुन्हा जुळवला. जून २०२५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने आपल्या महोत्सवात १९७७ ची खरी प्रिंट पडद्यावर दाखवली, ती पाहायला लोकांची झुंबड उडाली. बदल नको म्हणणारे हट्टी म्हातारे होते का हे? मला त्यांच्यात एकनाथ महाराज दिसतात. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून, त्यांत शिरलेले अपपाठ काढून ग्रंथ शुद्ध केला, आणि यापुढे जो या ग्रंथात आपली ओवी घुसवील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं, असं बजावून ठेवलं. मूळ जपणं म्हणजे नव्याला विरोध करणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी याच नाथांचं भावार्थ रामायण उघडावं. रामकथा त्यांनी मोकळेपणाने आपल्या काळाच्या भाषेत, आपल्या काळाची दुखणी घालून नव्याने सांगितली. ती त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही. युद्धकांडाच्या मधून पुढची त्यांचा शिष्य गावबा याने पुरी केली, असं परंपरा सांगते. एकाने सुरू केलेली मोठी कथा दुसऱ्याने पुढे न्यावी, हे आपल्याला अजिबात नवं नाही. जिथे शूर्पणखेचं नाक कापलं गेलं म्हणून गावाला नाव पडलं असं आपण लहानपणापासून ऐकतो, त्या नाशकात तर नाहीच नाही. इथल्या घाटावर दर कीर्तनकाराची पंचवटी वेगळी असते. पण नाथांनी भावार्थ रामायण लिहिलं म्हणून वाल्मीकींच्या पोथीतले श्लोक खोडले नाहीत. जुनं जागेवर राहिलं आणि नवं शेजारी उभं राहिलं.

मूळ हातचं गेलं की काय होतं, हे नाशिकच्या माणसाला कुणी वेगळं सांगायला नको. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला आणि मग आपलं काम नाशकात हलवलं. त्या सिनेमाच्या चार रिळांपैकी आज पहिलं आणि शेवटचं एवढीच उरली आहेत. तीसुद्धा १९१३ ची, की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे. कित्येकांच्या मते ती १९१७ चीच. भारतीय सिनेमाचं पहिलं पाऊल नक्की कसं पडलं होतं, ते आपण छातीठोकपणे सांगू शकत नाही. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळक्यांचं स्मारक आहे, शाळेच्या सहली तिथे जातात, पोरं डबे खातात. मी जेव्हा जेव्हा तिथे जाते तेव्हा ती हरवलेली दोन रिळं डोक्यातून जात नाहीत. त्या काळी कुणी तरी, एखाद्या वेड्या प्रेक्षकाने, ‘ही पेटी टाकू नका’ म्हणून भांडण काढायला हवं होतं.

आता दुसऱ्या बाजूचं जे सर्वांत जड आहे ते घेते. चाहत्यांच्या टीकेने माणसं मोडली आहेत. १९९९ च्या ‘द फँटम मेनेस’मध्ये जार जार बिंक्स हे विनोदी पात्र साकारणाऱ्या अहमद बेस्टवर जी आग ओकली गेली तिने आपण जीव द्यायच्या टोकाला गेलो होतो, हे त्याने २०१८ साली जाहीरपणे सांगितलं. ‘द लास्ट जेडाय’मध्ये रोझ टिकोचं काम करणाऱ्या केली मेरी ट्रॅनचा वंश, चेहरा, बांधा यांवरून इतका छळ झाला की तिने इन्स्टाग्रामवरच्या सगळ्या पोस्ट काढून टाकल्या, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून तो सगळा अनुभव मांडला. हे चार टवाळांचं काम होतं, खरे चाहते तसे नसतात, असं म्हणून हात झटकणं मला मान्य नाही. ते चार असोत की चार हजार, आमच्याच घोळक्यातून ओरडत होते. नाट्यगृहात कुणी एखाद्या नटीवर अचकट विचकट बोललं तर शेजारचे चार जण त्याला गप्प करतात. ते गप्प करणं हा रसिकाचाच धर्म असतो, आणि इथे आम्ही तो पाळला नाही. रोझ टिकोचं उपकथानक लांबलं, मधल्या जुगारनगरीत सिनेमा रेंगाळला, असं मलाही वाटतं. पण ते लिहिणाऱ्याचं आणि दिग्दर्शकाचं खातं आहे. तिच्या डोळ्यांच्या ठेवणीबद्दल जो बोलतो तो वंशद्वेषी आहे. त्याला टीकाकार म्हणायचं कशाला?

म्हणून टीकाच थांबवावी, असं मात्र यातून निघत नाही. कृती आणि माणूस वेगळे ठेवायची शिस्त अवघड आहे, पण जमते. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली विज्ञानकथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाचं नाव पाहून परीक्षकांचा कौल झुकू नये, कथेचं कथेपुरतं मोल व्हावं, म्हणून. कथा पहिली आली. जे त्यांनी कौतुकापासून कथा वाचवण्यासाठी केलं, तेच आपण रागाच्या वेळी करावं: नाव झाकावं आणि काम तपासावं. हेच नारळीकर डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या नाशकात भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. विज्ञानकथा लिहिणाऱ्याला मराठीने तो मान दिला, तेव्हा ‘अहो, ही लेसरच्या तलवारींची पोरांची गोष्ट, तिच्यावर एवढं काय बोलायचं’ हा आक्षेप तरी आता मागे घ्या. पोरांसाठी केलेल्या गोष्टीत जास्तच काळजी घ्यावी लागते. ती आयुष्यभर पुरते.

आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. चाहते वारंवार चुकले आहेत. १९८० चा ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ आज सर्वोत्तम मानतात, पण आला तेव्हा त्याच्याबद्दलची मतं बरीच संमिश्र होती. १९९९ ते २००५ या काळातल्या तीन सिनेमांना आम्ही नाकं मुरडली, आणि जी मुलं ते पाहत वाढली ती आज त्यांच्यावर जीव टाकतात. मग टीकेला अर्थ काय राहिला? माझ्या मते इथेच तिचा अर्थ कळतो. त्या सिनेमांना पुन्हा न्याय मिळवून दिला तो कुणी? लेख लिहून, वाद घालून, एकेक प्रसंग उलगडून दाखवून चाहत्यांनीच दिला. २०२३ साली ‘स्टार वॉर्स’च्याच ‘द मँडलोरियन’ मालिकेत अहमद बेस्ट जेडायच्या, म्हणजे या कथेतल्या तलवारबहाद्दर रक्षकाच्या वेशात, दोन्ही हातांत तलवारी घेऊन आला तेव्हा त्याच्या नावाचा जयजयकार करणाऱ्यांत एकेकाळचे निंदक खचितच होते. गिऱ्हाईक एकदा तोंड फिरवून गेलं की परत येत नाही. रसिक वीस वर्षांनी परत येतो आणि म्हणतो, त्या वेळी माझं पाहायचं चुकलं.

कलावंताच्या स्वातंत्र्याचा मुद्दा मला सर्वांत जवळचा, म्हणून सर्वांत अवघड. जुन्या तीन सिनेमांचा नायक लूक स्कायवॉकर ‘द लास्ट जेडाय’मध्ये एका बेटावर तोंड लपवून बसलेला, हरलेला म्हातारा आहे. ‘आमचा लूक असा नाही’ म्हणून चाहते चवताळले. खुद्द लूक साकारणाऱ्या मार्क हॅमिलनेही दिग्दर्शक रायन जॉन्सनशी असलेला मतभेद उघड बोलून दाखवला होता. पण ‘आमचा अमका असा नाही’ हा युक्तिवाद मला पटत नाही. वसंत कानेटकरांनी नाशकात राहून ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिलं, १९६२ साली ते रंगभूमीवर आलं. स्वराज्य उभं करणारे शिवाजी महाराज घरातल्या दुहीपुढे हतबल झालेले त्यात दिसतात. महाराष्ट्रात यापेक्षा नाजूक जागा कुठली असेल? तरी प्रेक्षकांनी ते नाटक डोक्यावर घेतलं. कारण नाटककार त्यांना त्या हतबलतेपर्यंत पायरी पायरीने घेऊन गेला. तेव्हा विचारायचं ते हे की, सिनेमा आपल्याला तिथपर्यंत नेतो का? माझं उत्तर आहे, नाही. १९८३ च्या सिनेमात हाच लूक, बापाला मारायची संधी समोर असताना, हातातली तलवार फेकून देतो. तोच माणूस पुढे झोपलेल्या भाच्याच्या उशाशी, क्षणभर का होईना, तलवार पेटवून उभा राहतो. या दोन रात्रींच्या मधे काय झालं? सिनेमा तो एकच क्षण तीन वेळा, तीन बाजूंनी दाखवतो, पण तिथवरची वाट दाखवत नाही. कल्पना चुकीची नव्हती. मधल्या पायऱ्या गाळल्या. एवढं सांगायला दिग्दर्शकाला शिव्या द्याव्या लागत नाहीत, सह्यांची मोहीम काढून ‘हा सिनेमा रद्द करा’ म्हणावं लागत नाही.

आणि गिऱ्हाइकाची हाक दुकानदाराने ऐकली की काय होतं, तेही पाहून घ्या. डिस्नेने २०१२ साली लुकासची कंपनी, लुकासफिल्म, सुमारे चार अब्ज डॉलरला घेतली. एवढे पैसे घातलेला माणूस तक्रार ऐकतो ती मागणीपत्रक म्हणूनच. २०१७ च्या सिनेमातली सर्वांत धीट गोष्ट अशी होती की नव्या सिनेमांची नायिका रे ही कुणाचीच नाही. तिला विकून टाकणाऱ्या सामान्य आईबापांची पोर आहे. शक्ती घराण्याने मिळत नाही, हे त्या मालिकेने चाळीस वर्षांनी पहिल्यांदा इतकं स्वच्छ म्हटलं होतं. दोन वर्षांनी ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’ आला आणि रे जुन्या सिनेमांतल्या खलनायकाची, सम्राट पॅल्पटाईनची नात निघाली. रोझ टिको पडद्यावर दीड मिनिटही दिसली नाही. ओरडणाऱ्यांची यादी घेऊन बसावं आणि एकेका ओळीवर खूण करावी, तसा तो सिनेमा मला वाटला. त्याने ओरडणारेही खूश झाले नाहीत. १९६८ साली ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळावरचीच दुसरी, टीव्हीवरची मालिका बंद पडणार या चिंतेने अमेरिकेतल्या चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला, आणि मालिका चालू राहणार असल्याचं वाहिनीला पडद्यावरून जाहीर करावं लागलं. ती पत्रं मला फार मोलाची वाटतात. त्यांत ‘ही गोष्ट मरू देऊ नका’ एवढी विनंती होती. पुढचा भाग असा लिहा, अमक्याला काढा, हे सांगायला ती आली नव्हती. तिसऱ्या वर्षीची मालिका उतरलेलीच निघाली, हे त्याच चाहत्यांनी नंतर स्वच्छ सांगितलं.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगायला घेतलं, तर तो म्हणाला, ‘आधी तुझी ती कॅसेट दाखव.’ काकूंनी माळ्यावरच्या ट्रंकेतून शोधून दिली. भद्रकालीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडून त्याने चालू स्थितीतला व्हीसीआर मिळवला. फ्लॅप उचलून पाहिलं तर टेपच्या कडेला पांढरी बुरशी. काका करायचे तसे खालचे पाच स्क्रू काढले आणि सुती फडक्यावर स्पिरिट घेऊन टेप पुसत दोघं तासभर बसलो. चित्र आलं, खाली ट्रॅकिंगची जाड रेघ, आवाज तसाच फाटका. गुत्ता आला. सोलो रेलून बसला, उजेड झाला, ग्रीडो कोसळला. भाचा काही बोलला नाही. त्याने मागे घेतलं, पुन्हा पाहिलं, पुन्हा मागे घेतलं आणि मधेच थांबवलं.

‘आत्या, त्याचा तो भिंतीवरचा हात बघ. ग्रीडोची नजर तिकडे राहावी म्हणून फिरवतोय तो.’

पस्तीस वर्षांत हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.